अंकांची जागा

समजा, पुण्याच्या मामूंनी ईदसाठी फलटणला कपडे पाठवले. नाव, गल्ली, गाव सारे बरोबर लिहिले. पण पिनकोड ४१५५२३ ऐवजी ४५१५२३ असा लिहिला. दोनच अंकांची अदलाबदल झाली. पण ४५१ ने सुरू होणारे पिनकोड मध्य प्रदेशातील आहेत! पार्सल तिकडे गेले, तर कपडे ईद झाल्यावर मिळतील.

पिनकोडची पद्धत आपल्या देशात १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाली. टपाल खात्यातील अधिकारी आणि संस्कृत कवी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी ती तयार केली. एकाच नावाची अनेक गावे असतात. पत्तेही निरनिराळ्या लिपींत लिहिलेले असतात. त्यामुळे टपाल चुकत असे. म्हणून सहा अंक ठरले. पहिला अंक देशाचा मोठा विभाग दाखवतो. शेवटचे तीन अंक पोस्ट ऑफिसचे असतात. सातारा ४१५००१, कराड ४१५११०, फलटण ४१५५२३. तिन्हींचे पहिले तीन अंक सारखेच आहेत.

मुलांनो, उर्दू आपण उजवीकडून डावीकडे लिहितो. पण संख्या मात्र उर्दूतही डावीकडूनच लिहितो. मराठीतही तसेच. फरक शून्यात आहे. उर्दूतील शून्य टिंबासारखे असते. मराठीत पूर्ण गोल काढावा. नाहीतर ५० चे ५ वाचले जातील.

संख्या अक्षरांत लिहितानाही जपावे. उर्दूत ७९ ला 'उन्नासी' आणि ८९ ला 'नवासी' म्हणतात. मराठीत ७९ म्हणजे एकोणऐंशी आणि ८९ म्हणजे एकोणनव्वद. 'एकोण' म्हणजे एकाने कमी. म्हणून पुढचा शब्द नीट ऐका. ऐंशीला एक कमी ७९, नव्वदला एक कमी ८९.

घड्याळावरील रोमन अंकांतही हीच युक्ती आहे. दहाच्या चिन्हाच्या डावीकडे एकाचे चिन्ह लिहिले की नऊ होतात; उजवीकडे लिहिले की अकरा.

अंक तेच असतात. जागा बदलली की किंमत बदलते.

शब्दार्थ
अदलाबदल – एकाच्या जागी दुसरे येणे
निरनिराळ्या – वेगवेगळ्या
युक्ती – सोपी रीत

स्वाध्याय
१. पार्सल उशिरा का मिळेल?
२. पिनकोडची गरज का पडली?
३. अक्षरांत लिहा : २९, ५९, ७९, ८९.
४. तुमच्या घरचा पूर्ण पत्ता पिनकोडसह मराठीत लिहा.