चहातून देण्याचं औषध

प्रश्न : नवरा रोज मोहाची पितो. घरात कोंडून दारू बंद केली, तर दुसऱ्या दिवशी हात थरथरले, भिंतीवर किडे दिसतात म्हणाला. सासूबाई म्हणतात, नाटक आहे. चहातून चोरून देण्याचं औषध सुचवा. – एक भगिनी, वणी तालुका, जि. यवतमाळ

उत्तर : ताई, हे नाटक नाही. रोजच्या दारूला सरावलेला मेंदू ती एकदम तुटली की बिथरतो. पहिल्या ४८ तासांत फिट येऊ शकते, पुढे ताप, भास, भ्रम. यात माणूस दगावतोही. म्हणून कोंडणं आधी थांबवा आणि त्यांना आजच यवतमाळच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात न्या. तिथे डायझेपामसारखी औषधं हळूहळू कमी करत देतात, सोबत थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व.

चहातल्या औषधाचा विचार सोडा. अशा पुड्यांत डायसल्फिराम असू शकतं. ते पोटात असताना दारू घेतली, तर रक्तदाब कोसळू शकतो. रुग्णाला सांगून, डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते द्यायचं असतं.

एप्रिल २०२१ मध्ये टाळेबंदीत दुकानं बंद होती, तेव्हा तुमच्याच वणीत सॅनिटायझर प्यायल्याने सात जण गेले. लोकांनी त्यांना मूर्ख ठरवलं. मला तो न्याय पटत नाही. दुकानाला कुलूप लागलं, पण उपचाराचं दार कुणी दाखवलंच नाही. शेजारच्या वर्ध्यात तर १९७५ पासून दारूबंदी आहे, तरी व्यसनी तिथेही आहेत.

सासूबाईंनाही दवाखान्यात सोबत न्या. १४४४६ या मोफत राष्ट्रीय हेल्पलाइनवर तुम्ही स्वतःसाठीही बोलू शकता.