बिनतारी घड्याळ आणि शाळेची वाट

आमच्या तळेगांवांतील पुष्कळ मुलें आजही पायींच शाळेस येतात. कांहीं स्टेशनभागांतून, कांहीं गांवांतून, तर कांहीं लिंब फाट्यावर जुना मुंबई-पुणे महामार्ग ओलांडून. चाकणकडे जाणाऱ्या अवजड गाड्यांची तेथील रांग ज्यांनीं पाहिली आहे, त्यांस पालकांची काळजी निराळी सांगावयास नको. गेल्या पावसाळ्यांत याच वाटेवर आमचा एक विद्यार्थी घसरून पडला व त्याचा पाय मुरगळला. त्यानें मनगटावरील घड्याळाचें बटण दाबलें. आईस मात्र तें दोन तासांनीं कळलें. “मग हें घड्याळ घेऊन उपयोग काय?” असें त्या बाईंनीं आम्हांस विचारिलें.

बिनतारी विद्या आपणांस परकी नाहीं. आपल्याच लोहमार्गावरील खडकी येथून १९२७ सालीं विलायतेस बिनतारी संदेश जाऊं लागले. आजचें घड्याळ मात्र उपग्रहांस कांहींच कळवीत नाहीं. तें केवळ ऐकतें. सुमारें २०,२०० किलोमीटर उंचीवरील उपग्रहांचे संकेत येण्यास किती वेळ लागला, यावरून तें आपलें स्थान काढतें. त्यास निदान चार उपग्रह लागतात. मग तें स्थान मोबाईलच्या मनोऱ्यामार्फत घरीं जातें. मोकळ्या आकाशाखालींही यांत कांहीं मीटरांची चूक राहते. उंच इमारतींमध्यें ती वाढते. आतां विद्यार्थ्यांनो, रस्त्याची रुंदी तरी किती? तीही कांहीं मीटरच! मूल फाट्यावर आहे एवढें यंत्र सांगेल. तें अलीकडे उभें आहे, पलीकडे पोंचलें आहे, कीं मधोमध आहे, हें त्याच्यानें सांगवणार नाहीं.

कांहीं शाळांतून ओळखपत्रांत बारीक चिप बसवितात. तीस विद्युत्घट लागत नाहीं. दारांतील यंत्राच्या लहरींवरच ती जागी होऊन आपला क्रमांक सांगते. धनगर वाड्याच्या तोंडाशीं मेंढरें मोजतो, तसेंच हें. वाटेंत काय घडलें तें दारास ठाऊक नसतें.

आणि हाक गेली तरी ऐकणारा जागा हवा. १४ एप्रिल १९१२ च्या रात्रीं टायटॅनिक हिमनगावर आदळली, तेव्हां कॅलिफोर्नियन ही आगबोट जवळच होती. परंतु तिचा एकुलता एक बिनतारी चालक थोड्याच वेळापूर्वीं यंत्र बंद करून निजला होता. पुष्कळ दूर असलेल्या कार्पेथियाचा चालक योगायोगानें जागा होता. त्या बोटीनें सुमारें सातशें जीव वाचविले.

आमच्या विद्यार्थ्याची हाकही बरोबर गेली होती. आई कारखान्यांत कामावर होती, आणि तेथें मोबाईल बाहेरच्या कपाटांत ठेवावा लागतो. मुलास उचललें तें शेजारच्या दुकानदारानें.

जपानांत अनेक गांवीं शाळा सुटण्याच्या वेळीं बिनतारी कर्ण्यांवरून गांवकऱ्यांस सांगतात, मुलें घरीं निघालीं आहेत, लक्ष असूं द्या. तेथें मुलाचा माग न काढतां गांवास जागें करतात. आम्हांस हा उपयोग अधिक शहाणपणाचा वाटतो.

त्या घड्याळांत आतां पहिला क्रमांक घरीं असणाऱ्या आजीचा आहे, दुसरा त्या दुकानदाराचा. ११२ आणि मुलांसाठींचा १०९८ हे क्रमांक मुलानें पाठ केले आहेत. फाट्यावर तो वरच्या वर्गांतील दोघांची वाट पाहतो, व तिघे मिळून रस्ता ओलांडतात.