दाखला घेतल्याशिवाय विमानात बसू नकोस

कंधार

लेकरा,

लोह्याच्या लग्नात ऐकलं तेव्हापासून मला चैन नाही. नांदेडचा कोणी फोटोग्राफर पोरगा परदेशातून आला, तर विमानतळावर त्याचा स्वतःचाच कॅमेरा अडवला म्हणे. बिल घरी, दाखला नाही. ड्युटी भर म्हणाले. खरंखोटं देव जाणे. पण परवा फोनवर तू "मामा, कोणी विचारत नाही" म्हणालीस, ते मला मुळीच आवडलं नाही. आक्कानं, तुझ्या आईनं, पाटल्या मोडून तुला कॅमेरा घेऊन दिलाय, हे विसरू नकोस.

सामानाला ड्युटीत सवलत असते, पण तुझं पाण्याखालचं हाउसिंग आणि दोन स्ट्रोब धरले तर ती कुठल्या कुठे मागं पडते. म्हणून परदेशी जातानाच मुंबईच्या विमानतळावर कस्टमकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट, म्हणजे तोच दाखला, घे. बॅग विमान कंपनीकडं देण्याआधी घे. एकदा बॅग आत गेली की साहेबाला दाखवणार काय? बिलं जवळ ठेव आणि दाखल्यावर प्रत्येक वस्तूचा सीरियल नंबर चढला की नाही, तिथंच उभी राहून ताडून बघ. तिकडं नवी लेन्स घेतलीस तर तिला हा दाखला लागू नाही. येताना रेड चॅनलनं ये आणि सांगून टाक. हे हौसेच्या प्रवासाचं झालं. पैसे घेऊन काम करायला जाशील तेव्हा फिक्कीकडून एटीए कार्नेट काढ. ते वर्षभर चालतं, पण तो देश त्या व्यवस्थेत आहे का ते आधी बघ.

सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत ठेव, टोकांना चिकटपट्टी लाव. आणि दाखला, लेकरा, दाखला विसरू नकोस.

फार बोललो. तुझ्या वयात आपल्या किल्ल्याच्या खंदकाकाठी बसून पाण्याखाली काय असेल, याचाच विचार करायचो मी. घरच्यांनी उतरू दिलं नाही, मीही हट्ट धरला नाही. ती रुखरुख अजून आहे. तू तारकर्लीला बुडी मारायला शिकायला निघालीस तेव्हा "पोरीला बुडवतेस का" म्हणून आक्काशी भांडलो होतो. मग तू ते माशांचे फोटो धाडलेस. ते मी चावडीपासून दर्ग्यापर्यंत सगळ्यांना दाखवलेत.

साहेबापुढं भिऊ नकोस. आपली वस्तू आहे, घामाच्या पैशाची आहे; मान वर करून दाखव. घाई झाली, रांग मोठी असली, तरी थांब. विमान चुकलं तर दुसरं मिळेल, पैशाचं मी बघतो.

दाखल्यावर शिक्का पडला की मला फोन कर. रात्री कितीही वाजू दे, मी जागाच असेन.

तुझा
मामा