घटक ४ : क्षेत्रकार्यातील सामग्री आणि लॅपटॉपमधील जागेचे व्यवस्थापन

४.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपणांस
- लॅपटॉपच्या हार्ड डिस्कवरील जागा कशाने व्यापली आहे, हे तपासता येईल;
- पुन्हा मिळणारी आणि पुन्हा न मिळणारी सामग्री यांत भेद करता येईल;
- सामग्रीची सुरक्षित प्रत करून मगच जागा मोकळी करता येईल.

४.२ प्रास्ताविक

विद्यार्थिमित्रहो, लोकसाहित्याच्या प्रकल्पासाठी आपण गावोगाव जाऊन गाणी, कथा आणि मुलाखती ध्वनिमुद्रित करता. काही आठवड्यांतच लॅपटॉप ‘जागा अपुरी आहे’ अशी सूचना देऊ लागतो. अशा वेळी घाईने जे समोर दिसेल ते पुसून टाकण्याचा मोह होतो. प्रस्तुत घटकात या प्रसंगाचा विचार करावयाचा आहे.

समजा, भंडारा जिल्ह्याच्या मोहाडी तालुक्यातील करडी येथील एका विद्यार्थिनीने धानाच्या रोवणीची गाणी, जात्यावरच्या ओव्या आणि दंडारीतील काही प्रवेश यांचे २० तासांचे ध्वनिमुद्रण केले आहे. त्याचे लेखनही तिने पूर्ण केले आहे. लॅपटॉप भरल्यावर तिच्या मनात येते, ‘गाणी तर उतरवून झाली, आता मूळ ध्वनिफिती ठेवायच्या कशाला?’ हा प्रश्न तांत्रिक वाटतो. वस्तुतः तो अभ्यासपद्धतीचा प्रश्न आहे.

४.३ मूळ ध्वनिमुद्रणाचे मोल

झाडीबोलीत ‘ण’च्या जागी ‘न’ आणि ‘ळ’च्या जागी ‘र’ उच्चारला जातो. ‘पाणी’ तेथे ‘पानी’ होते, ‘डोळा’ ‘डोरा’ होतो. लेखन करताना प्रमाणभाषेची सवय असलेला हात नकळत ‘पाणी’ असेच लिहितो. अशी चूक झाली तर ती केवळ मूळ आवाज पुन्हा ऐकूनच दुरुस्त करता येते. गाण्याची चाल, ओळीच्या शेवटी लांबवलेला स्वर, मधला विराम, सोबतच्या बायांनी धरलेला सूर या गोष्टी तर लेखनात उतरतच नाहीत.

या संदर्भात एक उदाहरण लक्षात घ्यावे. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी सहकाऱ्यांसह महाराष्ट्रातील हजाराहून अधिक गावांतून लाखाहून अधिक जात्यावरच्या ओव्या जमवल्या. बर्नार बेल यांच्या सहकार्याने या संग्रहाला संगणकीय रूप मिळाले. लिखित ओव्यांच्या जोडीला शंभराहून अधिक तासांचे ध्वनिमुद्रणही जपले गेले. म्हणूनच आज ‘पारी’ या संस्थेच्या संकेतस्थळावर त्यांतील ओव्या वाचता येतात, तशाच गाणाऱ्या स्त्रियांच्या आवाजात ऐकताही येतात. लेखन झाले म्हणून आवाज पुसले असते, तर या संग्रहाचे एक अंग कायमचे गेले असते.

४.४ आधी मोजमाप, मग आवराआवर

कोणती सामग्री किती जागा घेते, याविषयीचा आपला अंदाज बहुधा चुकतो. पुढील प्रमाण पाहा.

- देवनागरीतील १,००० शब्दांचा साधा मजकूर : सुमारे २० केबी
- एमपी३ स्वरूपातील (१२८ केबीपीएस) १ तासाचे ध्वनिमुद्रण : सुमारे ५५ एमबी
- वेव्ह स्वरूपातील (सीडीच्या दर्जाचे) १ तासाचे ध्वनिमुद्रण : सुमारे ६०० एमबी
- १७ मेगाबिट प्रतिसेकंद वेगाने केलेले १ तासाचे चित्रीकरण : सुमारे ७ जीबी

याचा अर्थ असा की, वेव्ह स्वरूपातील एका तासाच्या जागेत हजार शब्दांचे सुमारे ३०,००० लेख मावतील. म्हणून टंकलिखित टिपणे पुसून जागा होत नाही, केवळ श्रम वाया जातात. उलट, लग्नसमारंभाचे एक तासाचे चित्रीकरण वगळले, तर दहा-बारा तासांच्या ध्वनिमुद्रणाची सोय होते.

आणखी एक शंका अनेकांना येते. २५६ जीबीचा लॅपटॉप घेतला असता विंडोज सुमारे २३८ जीबीच का दाखवते? उत्पादक एक जीबी म्हणजे १०० कोटी बाइट असे मोजतो. विंडोज १,०२४ च्या पटीने मोजते. हा मोजण्याच्या रीतीतील फरक आहे, जागा कोठे नाहीशी झालेली नाही.

आपल्या लॅपटॉपवर सेटिंग्ज, त्यात सिस्टिम आणि त्यात स्टोरेज असे क्रमाने उघडा. कोणत्या प्रकारच्या सामग्रीने किती जागा व्यापली आहे, ते तेथे दिसते. ही आकडेवारी वहीत उतरवून घ्या.

४.५ दोन प्रश्नांची कसोटी

प्रत्येक मोठ्या फाइलीविषयी दोन प्रश्न विचारा : ही किती जागा घेते? आणि ही गेली तर पुन्हा मिळेल काय? कोठीत जागा नाही म्हणून शेतकरी बियाण्याचे धान बाहेर टाकत नाही. तो आधी रिकामी पोती आणि कोंडा हलवतो. हाच क्रम येथे पाळावा.

(अ) निःशंकपणे काढता येईल असे : रिसायकल बिनमधील फायली (फाइल पुसली तरी बिन रिकामे होईपर्यंत तिची जागा मोकळी होत नाही), तात्पुरत्या फायली, एकाच पुस्तिकेच्या पुन्हापुन्हा उतरवलेल्या प्रती, न वापरलेली ॲप्स. बिन रिकामे करण्यापूर्वी आतील यादी एकदा पाहावी. ॲप्स सेटिंग्जमधूनच काढावीत. त्यांचा फोल्डर थेट पुसू नये.

(आ) पुन्हा मिळेल असे : विद्यापीठाच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या अभ्यासपुस्तिका, चित्रपट, गाणी.

(इ) पुन्हा न मिळणारे : आपण केलेले ध्वनिमुद्रण, छायाचित्रे, टिपणे, निवेदकांची संमतिपत्रे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. तात्पुरत्या फायलींच्या यादीत ‘डाउनलोड्स’ हा पर्यायही दिसतो. मोबाइलवर केलेली मुलाखत व्हॉट्सॲपद्वारे लॅपटॉपवर घेतली असेल, तर ती बहुधा याच फोल्डरात असते. त्यावर खूण करण्यापूर्वी फोल्डर उघडून पाहा. अन्यथा (अ) गटाबरोबर (इ) गटही निघून जाईल. ‘विंडोज’ आणि ‘प्रोग्राम फाइल्स’ या फोल्डरांतील काहीही हाताने पुसू नये.

४.६ प्रत करणे आणि पडताळणे

(इ) गटातील सामग्री लॅपटॉपवरून हलवावयाची झाल्यास पुढील क्रम पाळा.

१. बाह्य हार्ड डिस्कवर सामग्रीची प्रत करा. ‘कट’ वापरू नका, ‘कॉपी’ वापरा.
२. दोन्हीकडील फायलींची संख्या आणि एकूण आकार जुळतो का, ते पाहा.
३. प्रतीमधील काही फायली सुरुवातीस, मध्ये आणि शेवटी ऐकून पाहा.
४. आणखी एक प्रत पेन ड्राइव्हवर करून दुसऱ्या घरी किंवा अभ्यासकेंद्रावर ठेवा.
५. यानंतरच लॅपटॉपवरील फायली पुसा.

अनेक लॅपटॉपमध्ये एकाच डिस्कचे ‘सी’ आणि ‘डी’ असे दोन भाग केलेले असतात. सामग्री ‘सी’वरून ‘डी’वर नेल्याने ‘सी’ मोकळा होतो; परंतु डिस्क बिघडल्यास दोन्ही भाग एकदमच जातात. ती सुरक्षित प्रत नव्हे. तसेच गुगल ड्राइव्हसारख्या सेवेशी जोडलेल्या फोल्डरातून फाइल पुसली, तर ती ऑनलाइन साठ्यातूनही जाऊ शकते.

वेव्ह फायली ठेवणे अगदीच जड होत असेल, तर त्यांचे ‘फ्लॅक’ स्वरूपात रूपांतर करावे. त्यात आवाजातील काहीही न गमावता आकार पुष्कळदा निम्म्याच्या आसपास येतो. एमपी३ करताना मात्र ध्वनीचा काही अंश कायमचा गळतो. म्हणून ती ऐकण्यापुरती प्रत समजावी.

करडीच्या विद्यार्थिनीचे २० तासांचे वेव्ह ध्वनिमुद्रण सुमारे १२ जीबी भरते. ते १६ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावते. तिला एकही गाणे पुसण्याची गरज नाही; गरज आहे ती प्रती करण्याची, आणि प्रत्येक फाइलीस गाव, दिनांक व गीतप्रकार दर्शविणारे नाव देण्याची. ‘रेकॉर्डिंग १२’ या नावाची फाइल वर्षभराने तिलाही ओळखू येणार नाही, आणि न ओळखलेली फाइलच आधी पुसली जाते.

४.७ सारांश

डिस्कवरील जागा पुन्हा मिळवता येते, पैसे देऊन वाढवताही येते. रोवणीचे गाणे सांगणारी आजी पुढल्या हंगामात भेटेलच, असे नाही. म्हणून आधी मोजावे, मग वर्गवारी करावी, प्रत करून ती ऐकून पाहावी आणि शेवटी पुसावे. डिस्कचा सुमारे १० ते १५ टक्के भाग नेहमी मोकळा ठेवल्यास असा घाईचा प्रसंगच सहसा येत नाही.

४.८ स्वयंअध्ययनासाठी प्रश्न

१. लेखन पूर्ण झाल्यावरही मूळ ध्वनिमुद्रण का जपावे? झाडीबोलीचे उदाहरण देऊन स्पष्ट करा.
२. ‘डी’ भागावर ठेवलेली फाइल सुरक्षित प्रत का ठरत नाही?
३. वेव्ह स्वरूपातील ४५ तासांचे ध्वनिमुद्रण ३२ जीबीच्या पेन ड्राइव्हवर मावेल काय? हिशेब मांडा.

क्षेत्रीय कार्य : आपल्या लॅपटॉपवरील सर्वांत मोठ्या २० फायलींची यादी करा. प्रत्येकीपुढे (अ), (आ) किंवा (इ) असा गट लिहा. (इ) गटातील ज्या फाइलीची दुसरी प्रत नाही, तिची प्रत आजच करा.