रस्ते शांत का असतात? फ्रान्सच्या सेवेन डोंगरातून सायकलने एक भूगोलाचा पाठ



फ्रान्स म्हटलं की मुलांच्या डोळ्यांसमोर पॅरिस आणि आयफेल टॉवर येतो, फार तर आल्प्सचा बर्फ. पण देशाच्या मध्य-दक्षिण भागात मासिफ सांत्राल नावाचा एक जुना उंच प्रदेश आहे. फ्रान्सचा साधारण सातवा हिस्सा त्याने व्यापलाय. त्याच्या दक्षिण टोकाला सेवेन डोंगर आणि लोझेर जिल्हा आहे. जिल्ह्याचं क्षेत्रफळ ५ हजार चौरस किलोमीटरपेक्षा थोडं जास्त, लोकसंख्या मात्र सुमारे ७६ हजार. म्हणजे एका चौरस किलोमीटरला जेमतेम १५ माणसं! फ्रान्सच्या मुख्य भूमीवर याहून कमी वस्तीचा जिल्हा नाही.

अशा ठिकाणचे रस्ते सायकलस्वारांना फार आवडतात. डांबर चांगलं आणि गाड्या कमी. आपण आज हे रस्ते पाहू, पण त्याबरोबर एक प्रश्नही धरून ठेवू: हे रस्ते इतके शांत का आहेत?

१. नकाशावर शांत रस्ता कसा ओळखायचा?

फ्रान्समध्ये रस्त्याच्या क्रमांकाआधी एक अक्षर असतं. ‘ए’ म्हणजे द्रुतगती महामार्ग, तिथे सायकलला बंदी. ‘एन’ म्हणजे राष्ट्रीय मार्ग. ‘डी’ म्हणजे जिल्ह्याने बांधलेला आणि सांभाळलेला रस्ता. आपल्याला हवेत ते बहुतेक ‘डी’ रस्तेच.

मिशेलिन कंपनीच्या नकाशात मोठे रस्ते लाल, मधले पिवळे आणि लहान रस्ते पांढरे असतात. रस्त्याला हिरवी कड असेल तर परिसर देखणा. रस्त्यावर बाणाची टोकं दिसली की समजायचं, चढ आहे: एक टोक ५ ते ९ टक्के, दोन ९ ते १३ टक्के, तीन त्याहून जास्त. टोक चढाच्या दिशेला असतं.

पण ‘देखणा म्हणजे शांत’ असं समजू नका. तार्न नदीच्या घळईतला रस्ता हिरव्या कडेचा आहे, सुंदरच आहे, पण जुलै-ऑगस्टच्या सुट्ट्यांत तिथे मोटारींची रांग लागते. साधा नियम असा, की सगळ्यात सोपी वाट वाहनं पळवतात आणि जुनी वळणाची वाट सायकलला उरते. याच भागाच्या पश्चिमेकडून ‘ए ७५’ महामार्ग जातो. उत्तर-दक्षिण लांबची वाहतूक त्याने आपल्याकडे ओढून घेतली आहे.

२. तीन वाटा

फिनिएल खिंड. तार्न नदीकाठचं ल पाँ-द-मोंव्हेर हे गाव सुमारे ८७५ मीटर उंचीवर आहे. तिथून साधारण १२ किलोमीटर चढलं की लोझेर पर्वतावरची १,५४० मीटरची खिंड येते. पलीकडे उतरलं की ल ब्लेमार गाव. आधी झाडी, मग उघडं माळरान आणि ग्रॅनाइटचे प्रचंड गोटे. या पर्वतावरच्या काही वस्त्यांत लहान घंटामनोरे आहेत. हिमवादळात वाट चुकलेल्यांना आवाजाने दिशा कळावी म्हणून त्या घंटा वाजवत. स्कॉटिश लेखक रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८७८ साली एका गाढवीला सोबत घेऊन याच पर्वतावरून चालत गेला होता.

सेवेनची डोंगरधार. सें-जाँ-द्यु-गार ते फ्लोराक, सुमारे ५० किलोमीटर. रस्ता दरीत उतरत नाही, बराच वेळ धारेवरून जातो, त्यामुळे दोन्ही बाजूंना निळ्या डोंगरांच्या रांगा दिसत राहतात. पण हा रस्ता सहलीसाठी झालेला नाही. १७०२ साली इथल्या प्रोटेस्टंट शेतकऱ्यांनी राजा चौदाव्या लुईविरुद्ध उठाव केला. त्यांना कामिझार म्हणत. उठावाची ठिणगी पडली ती वर सांगितलेल्या ल पाँ-द-मोंव्हेर गावातच. सैन्य आणि तोफा लवकर नेता याव्यात म्हणून धारेवरची वाट रुंद केली गेली. आज तिथे सुट्टीच्या दिवशी मोटारसायकली येतात. तेव्हा आठवड्याच्या मधल्या दिवशी सकाळी जावं.

कोस मेजाँ. फ्लोराकहून वर चढलं की सुमारे हजार मीटर उंचीचं चुनखडीचं पठार लागतं. पाऊस पडतो, पण पाणी भेगांतून खाली मुरतं. वर ना ओढा ना नदी. मेंढ्यांसाठी दगडाने बांधलेली उथळ तळी तेवढी दिसतात. याच परिसरातल्या मेंढ्यांच्या दुधापासून रोकफोर चीज होतं. रस्ता मोकळा आणि गावं लांब लांब, म्हणून निघण्याआधी दोन बाटल्या भरून घ्यायच्या.

३. ही शांतता आली कुठून?

आता मूळ प्रश्न. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यात लोझेर जिल्ह्यात १ लाख ४० हजारांहून जास्त माणसं राहत होती. आज त्याच्या निम्म्याच्या आसपास. मधे काय झालं?

सेवेनच्या उतारांवर चेस्टनट हे गरिबाचं अन्न होतं. तिथले लोक त्या झाडाला ‘भाकरीचं झाड’च म्हणत. रोख पैसा यायचा तो तुतीच्या पानांवर वाढणाऱ्या रेशमाच्या किड्यांमुळे. १८५० नंतर किड्यांवर रोग पडला. लुई पाश्चर १८६५ पासून काही वर्षं जवळच्या आलेस गावी त्यावर संशोधन करत होते. रोगाला उपाय सापडला, पण तोवर परदेशी रेशीम बाजारात आलं होतं. चेस्टनटच्या झाडांनाही रोग लागला. खाली खाणी आणि कारखाने होते आणि रेल्वेही आली होती. तरुण उतरून गेले. मग पहिल्या महायुद्धाने पुष्कळांना नेलं. जवळजवळ प्रत्येक गावात मृत सैनिकांच्या नावांचा स्मारकदगड आहे. आजच्या गावाच्या मानाने ती यादी लांब वाटते.

माणसं गेली, रस्ते राहिले. एकेकाळी शाळेला, बाजाराला, चर्चला जाण्यासाठी केलेल्या या वाटा आहेत. आपण त्यांना शांत म्हणतो. तिथे राहणाऱ्याला तीच शांतता बंद दुकानाची आणि रिकाम्या वर्गाची वाटू शकते. पटसंख्या कमी झाली की तिथली शेजारची गावं मिळून शाळा चालवतात: एका गावात लहान वर्ग, दुसऱ्यात मोठे, आणि मुलं बसने ये-जा करतात. शिक्षकांना हा विषय वेगळा समजावून सांगायला नको.

गोष्ट तिथेच संपलेली नाही. १९९० च्या सुमारास जिल्ह्याची लोकसंख्या अगदी तळाला गेली होती, नंतर ती थोडी वाढली. १९७० मध्ये सेवेन राष्ट्रीय उद्यान झालं. त्याच्या मुख्य भागातही माणसं राहतात, शेती करतात. २०११ मध्ये कोस आणि सेवेनच्या मेंढपाळी भूप्रदेशाला युनेस्कोने जागतिक वारसा म्हटलं. सायकलवर आलेला पाहुणा गावात भाकरी विकत घेतो आणि रात्री मुक्काम करतो. त्याचा तेवढाच हातभार, पण तो खरा आहे.

४. प्रत्यक्ष जाणाऱ्यांसाठी

• मे-जून आणि सप्टेंबर बरे. हिवाळ्यात खिंडीत बर्फ असतो. शरद ऋतूत भूमध्य समुद्राकडची दमट हवा डोंगराला अडते आणि काही तासांत प्रचंड पाऊस कोसळतो.
• गावात मोटारीने सायकलपासून १ मीटर आणि गावाबाहेर दीड मीटर अंतर ठेवावं असा कायदा आहे. १२ वर्षांखालील मुलांना हेल्मेट सक्तीचं.
• खेड्यातली दुकानं दुपारी बंद असतात, सोमवारीही अनेकदा. नळावर ‘पिण्याचे नाही’ अशी पाटी आहे का ते आधी बघा.

५. वर्गात किंवा घरी करून पाहा

(अ) ल पाँ-द-मोंव्हेर ८७५ मी., खिंड १,५४० मी., अंतर १२ किमी. सरासरी चढ काढा. चढाई ६६५ मी., भागिले १२,००० मी., म्हणजे सुमारे साडेपाच टक्के. दर १०० मीटरला साडेपाच मीटर वर! ताशी ९ किमी वेगाने किती वेळ लागेल? (१ तास २० मिनिटं.) मग विचारा, सरासरीत काय लपतं?

(आ) फ्लोराकहून निघायचंय. घळईचा रस्ता आणि पठाराचा रस्ता, दोन्हींतून एक निवडा: ऑगस्टमधला रविवार असेल तर? सप्टेंबरमधला मंगळवार असेल तर? कारण सांगा.

(इ) मुलांना आपल्या गावाजवळचा सगळ्यात शांत रस्ता शोधू द्या. तो कधी, कशासाठी केला होता? तिथून आधी कोण जायचं? आता ते कुठून जातात? उत्तरं घरातल्या आजी-आजोबांना विचारून लिहायची. पुस्तकात ती सापडणार नाहीत.