यंत्र श्रेष्ठ की प्राणी? - 'लेव्हायथन'चा एक अभ्यास

स्टीमपंक म्हणजे काय? वाफेच्या इंजिनाच्या काळातलं तंत्रज्ञान वेगळ्याच वाटेनं खूप पुढे गेलं असतं तर जग कसं दिसलं असतं, याची कल्पना करणारं साहित्य. स्कॉट वेस्टरफेल्ड यांची 'लेव्हायथन' (२००९) ही तरुण वाचकांसाठी लिहिलेली कादंबरी याच प्रकारातली.

काळ १९१४, म्हणजे पहिल्या महायुद्धाचा. पण इथल्या दोन्ही बाजू वेगळ्याच आहेत. जर्मनी आणि ऑस्ट्रिया-हंगेरी हे 'क्लँकर', पायांवर चालणारी लोखंडी यंत्रं बनवणारे. ब्रिटन 'डार्विनिस्ट', म्हणजे निरनिराळ्या जीवांचे गुण एकत्र करून लढाऊ प्राणी घडवणारे. लेव्हायथन हे त्यांचं देवमाशापासून केलेलं जिवंत हवाई जहाज. त्याच्या पोटातले जीवाणू हायड्रोजन तयार करतात आणि त्यावर ते तरंगतं.

आता इंजिनिअरच्या नजरेनं बघू.

१) दोन पायांचं यंत्र : प्रत्येक पाऊल उचलताना सगळं वजन एकाच पायावर येतं. तोल गेला की संपलं! शिवाय छोट्या तळव्यावर भार जास्त, म्हणून चिखलात पाय रुततो. खऱ्या युद्धात सप्टेंबर १९१६ मध्ये सोमच्या लढाईत रणगाडे आले ते पट्ट्यांवर चालणारे, कारण पट्टा भार पसरवतो.

२) हवाई जहाज : खरी झेपेलिन विमानं हायड्रोजनवरच तरंगायची. पण गंमत अशी, की त्यांच्या गॅसच्या पिशव्या गुरांच्या आतड्याच्या पातळ पापुद्र्यापासून बनत. तो हलका असतो आणि त्यातून गॅस कमी गळतो. एका जहाजाला दोन लाखांहून जास्त गुरांची आतडी लागत. म्हणजे प्रत्यक्षातले 'क्लँकर' सुद्धा प्राण्यांच्या जिवावरच उडत होते!

कादंबरीही शेवटी इथेच येते. लेव्हायथन आल्प्सच्या बर्फात कोसळतं. शत्रुपक्षातला राजपुत्र अ‍ॅलेक त्या भुकेल्या जनावरासाठी आपला धान्यसाठा देतो आणि त्याच्या चालत्या यंत्राची इंजिनं जहाजाला बसवली जातात. एकट्याच्या तंत्रानं कोणीच सुटत नाही.

आपल्या हॉस्टेलवर मेकॅनिकलवाले बायोटेकवाल्यांना "तुम्ही कसले इंजिनिअर?" म्हणून चिडवतात. त्यांनी हे पुस्तक जरूर वाचावं. ब्रँच या आपण पाडलेल्या आहेत. समोरचा प्रश्न कुठल्याच ब्रँचचा नसतो.