जुन्या बुलेटच्या टॅपेटची तपासणी

लोखंडी सिलिंडरची जुनी बुलेट विकत घेतल्यावर इंजिनातून टिकटिक ऐकू येत असल्यास प्रथम टॅपेट तपासावेत.

इंजिन पूर्ण थंड असताना स्पार्क प्लग काढावा. गाडी वरच्या गिअरमध्ये घालून मागील चाक सावकाश पुढे फिरवावे. प्लगच्या छिद्रावरील अंगठ्यास हवेचा दाब जाणवल्यानंतर दट्ट्या सर्वांत वर येताच थांबावे. टॅपेटचे झाकण उघडावे. प्रत्येक पुशरॉड बोटांनी सहज फिरावा. परंतु वरखाली हलू नये. फरक आढळल्यास लॉकनट सैल करून टॅपेट जुळवावा, लॉकनट आवळावा व पुन्हा तपासावे.

आवाज बंद करण्याच्या हेतूने टॅपेट अधिक घट्ट करू नयेत. त्यामुळे व्हॉल्व्ह पुरता मिटत नाही आणि तप्त वायू निसटून तो जळतो. किंचित आवाज राहिल्यास हानी नाही. जळालेल्या व्हॉल्व्हसाठी मात्र इंजिन उघडावे लागते.